एकशे साठ मिनिटांची हाक

तळवस्तीत तोंडात घास असला तरी "आहे" म्हणावंच लागतं. कुणी भिंतीतल्या पेटीतून "आहेस का?" असं विचारलं, की हातातलं काम टाकायचं, बटण दाबायचं आणि म्हणायचं, "आहे." अंघोळीला बसलेला माणूस डोळ्यांत साबण घेऊन चाचपडत येतो आणि म्हणतो. नवराबायकोत अबोला असला तरी तेवढा एक शब्द अबोल्यात धरत नाहीत. तीनदा विचारूनही उत्तर आलं नाही, तर घरच्यांनी काय ते समजायचं आणि रडायला बसायचं, अशी तिथली रीत.

बाहेरच्या माणसाला हा खुळेपणा वाटेल. वाटू दे. पण ही सहाशे माणसं राहतात कुठे ते आधी पाहा. कोकण किनाऱ्यापासून दोनशे किलोमीटर आत, समुद्राच्या तळाशी, एका ओळीत जोडलेल्या एक्केचाळीस पोलादी कप्प्यांत. डोक्यावर अर्धा किलोमीटर पाणी. तळातली खनिजं उपसायला आलेली ही वस्ती. दोन कप्प्यांच्या मध्ये एकेक दार, आणि जीव सगळा त्या दारांत. एका कप्प्यात पाणी शिरलं की ते पुढे सरकायच्या आत शेजारचं दार लागायला हवं, नाहीतर अख्खी ओळ बुडते.

आता दाराला कसं कळणार, की शेजारी बुडाला? त्यासाठी हाकपेटी. प्रत्येक कप्प्यातली पेटी शेजारच्या पेटीला सेकंदाला वीस वेळा हाक मारते. कानाला ऐकू येणारी हाक नव्हे. तारेतून जाणारा विजेचा बारीक ठोका. निरोप एवढाच, की मी आहे आणि तुझी मागची हाक मला पोचली. या दोन्ही गोष्टी लागतात. मला तू ऐकू येतोस पण तुला मी ऐकू येत नाही, असलं एकतर्फी नातं पेटी मानत नाही. एका बाजूचा कान बंद झाला की दोघंही तुटले असं ती धरते. लागोपाठ तीन हाका चुकल्या की निकाल लागतो आणि पापणी लवते न लवते तोच दार बंद होतं.

पूर्वी हे इतकं झटपट नव्हतं. तेव्हा ओळीत चव्वेचाळीस कप्पे होते आणि पेट्या पंधरा सेकंदांनी एकदा हाक मारत. तीन हाका चुकायला पाऊण मिनिट लागायचं. सहा वर्षांपूर्वी चव्वेचाळिसावा फुटला, आणि दारं विचार करत बसली तेवढ्या पाऊण मिनिटात पाण्याने पुढचे दोन कप्पे गिळले. सतरा माणसं गेली. बाकीची वाचली ती हर्षद घाडीमुळे. एक्केचाळिसाव्यात तो दारवान होता. पेटीची वाट न बघता त्याने हाताने चाक फिरवून दार लावलं. पलीकडे बेचाळिसाव्यात त्याचा स्वतःचा एकुलता एक मुलगा होता, निहार, चोवीस वर्षांचा. "आहेस का"ची रीत त्यानंतर हर्षदनेच सुरू केली.

मयूरी घाडी ही त्याची बायको, आणि ही गोष्ट तिची. अठ्ठावन्न वर्षांची, जिभेने तिखट, गुडघ्यांनी अधू. वस्तीची धुलाई तिच्याकडे. अपघातानंतर एक्केचाळिसावा कप्पा शेवटचा झाला, तिथे राहायला कुणी तयार होईना, म्हणून तिथे यंत्रं मांडून धुलाईघर केलं, आणि मयूरीने ते हट्टाने मागून घेतलं. त्याच्या मागच्या भिंतीत ते कायमचं लावलेलं दार होतं. चादरींच्या घड्या घालताना तिची पाठ त्या दाराला टेकलेली असे. लोक म्हणत, हिला भीती कशी वाटत नाही. तिला तिथे बरं वाटायचं, एवढंच.

त्या दिवशी सकाळी नऊला विश्वनाथ देवस्थळी पेटी तपासायला आला. हा वस्तीचा संपर्क-अभियंता. वय बत्तीस, पण नाव आजोबाचं. त्याच्या पिढीत जुनी नावं ठेवायची टूम आली होती. अपघातानंतर पेट्या बदलल्या त्या यानेच. सेकंदाला वीस हाका हा आकडा याचा, आणि त्या आकड्याने सहा वर्षांत एकही बळी जाऊ दिलेला नव्हता. तो पेटीपाशी वाकला असतानाच शेजारच्या चाळिसाव्यातून हर्षदचा रोजचा आवाज आला, "आहेस का?" मयूरीने बटण दाबून "आहे" म्हटलं, आणि तिच्या डोळ्यांदेखत दार धाडकन लागलं.

पाणी नव्हतं, फट नव्हती, काही नव्हतं. विश्वनाथ म्हणाला, "मावशी, हाका चालू झाल्यात परत. दहा मिनिटांत उघडेल."

दहा मिनिटं का, तर त्यालाही कारण होतं. एखादी तार अर्धवट तुटलेली असली तर ती लागते, तुटते, लागते, तुटते. विश्वनाथ याला फडफड म्हणायचा. फडफडणारं दार हे उघड्या दारापेक्षा वाईट, कारण माणसं त्याच्या भरवशावर आत शिरतात. म्हणून त्याने नियम घातला होता: तुटलेला शेजारी परत बोलू लागला तरी लगेच विश्वास ठेवायचा नाही. दहा मिनिटं एकही खंड न पडता हाका यायला हव्यात, मग दार उघडेल. मध्येच तुटलं तर पुढच्या वेळी वीस मिनिटं. मग चाळीस, ऐंशी. जो वारंवार दगा देतो त्याची परीक्षा दुप्पट.

दहाची वीस झाली. विसाची चाळीस झाली. मधूनमधून हर्षद घाबऱ्या आवाजात विचारायचा, मयूरी "आहे रे, आहे, घाबरू नकोस" म्हणायची, विश्वनाथ पेटी उघडून तारा हलवून बघायचा. चाळिसाची ऐंशी झाली. पावणेअकराला ऐंशी मिनिटांची मुदत निम्म्याच्या पुढे गेली होती, तेव्हा हर्षदने पुन्हा विचारलं, "डोकं दुखतंय का गं तुझं?" मयूरी "थोडंसं..." म्हणेपर्यंत पेटीवरचा आकडा पुसला आणि तिथे नवा उमटला. एकशे साठ.

विश्वनाथ त्या आकड्याकडे बघत राहिला. मग मटकन चादरींच्या ढिगावर बसला.

"मावशी," तो म्हणाला, "तुम्ही बोललात की तुटतंय."

"म्हणजे?"

"या पेटीत हाका मारायला वेगळी चकती असते. तिला दुसरं कामच नाही. या पेटीतली ती गेल्या महिन्यात बिघडली. किनाऱ्यावरून नवी यायला वेळ होता, म्हणून मी तिचं काम पेटीच्या मुख्य मेंदूवर टाकलं. तात्पुरतं. तो मेंदू बाकी सगळी कामं करतो, बोलणं नेणं-आणणंसुद्धा. नुसतं ऐकायचं असलं तर त्याला जमतं. इकडून आवाज पाठवायचा आणि तिकडचा घ्यायचा, दोन्ही एकदम आलं तरी एरवी निभायचं; पण आज मी लावलेल्या तपासणीचं ओझंही त्याच्यावर आहे, ती मध्येच थांबत नाही, म्हणून तो गडबडतो. तेवढ्यात तीन हाका हुकतात."

"तीनच कशा रे ठेवल्यास? चार ठेवायच्या होत्यास."

"एक कुणाचीही चुकते. दोन योगायोगाने चुकतील. तीन म्हणजे माणूस गेला, असा हिशेब केला होता." त्याने पेटीचं झाकण बंद केलं. "आणि हे तात्पुरतं केलेलं मी विसरलो. विसरलो, मावशी. दोन तास तारा हलवत बसलो."

मयूरीला त्याच्या एक ठेवून द्यावीशी वाटली. ठेवली असती तर वावगं नव्हतं. पण पोराच्या ओठांचा रंग निळसर झालेला तिला दिसला, आणि तिने विचारलं, "हवेचं काय?"

हवेचं असं होतं: तुटलेल्या कप्प्यात माणूस जिवंत नसणारच, असं धरून यंत्रणा पुढची सोय करते. आत आग लागू नये म्हणून ती आतली हवा ओढून तिच्या जागी हळूहळू नायट्रोजन सोडते. नायट्रोजन विषारी नाही, आपण श्वासात घेतो त्यात बराचसा तोच असतो. पण तो प्राणवायूची जागा खातो. विश्वनाथच्या मनगटावरच्या मापकात सकाळी एकवीस टक्के प्राणवायू होता, आता साडेसतरा. तासाला दोन टक्के उतरत होता. एकशे साठ मिनिटांनी बारा उरेल. बारावर चक्कर येते, जीभ जड होते, पण माणूस राहतो. पुन्हा एकदा तुटलं तर पुढची मुदत तीनशेवीस मिनिटांची, आणि सातावर कुणी राहत नाही.

"मग सांग ना त्यांना," मयूरी म्हणाली, "की बोलू नका."

"सांगायचं तर बोलावं लागेल."

"दारावर ठोकू."

"दार दुहेरी पत्र्याचं आहे, मध्ये पोकळी आहे. आवाज जात नाही."

"तिकडून कुणी चाक फिरवेल."

"चाकं आपण काढून टाकली, मावशी. मीच काढायला लावली. माणसाच्या हातात चाक ठेवलं की आत कोण आहे हे बघून तो फिरवणार, असं मी समितीला सांगितलं होतं. नियंत्रण कक्षातूनही दार उघडत नाही. इथल्या पेटीत बदल करावा म्हटलं तर ती बंद करून सुरू करावी लागते, आणि बंद केली म्हणजे तुटलंच."

मयूरीने खोलीभर नजर फिरवली. पंधरा पावलांचं धुलाईघर, सहा यंत्रं, दोरीवर वाळत घातलेले गणवेश. सहा वर्षांत पहिल्यांदाच तिला ते लहान वाटलं. "म्हणजे जगायचं असलं तर मुकाट्याने बसायचं," ती म्हणाली.

"हो."

"आणि त्याने विचारलं तर?"

विश्वनाथ उठून पेटीच्या बटणापाशी येऊन उभा राहिला.

दहा मिनिटांत हर्षदने विचारलंच. "आहेस का?" मयूरीचा हात आपसूक बटणाकडे गेला. सहा वर्षांची सवय ती. विश्वनाथने झडप घालून मनगट धरलं. थोड्या वेळाने पुन्हा, जरा मोठ्याने, "मयू, आहेस का?" मयूरीने हातातल्या चादरीचा बोळा तोंडात कोंबला. तिसऱ्या वेळी हर्षद नुसतं "मयू" म्हणाला आणि पुढचे शब्द त्याच्याने निघाले नाहीत.

हर्षदच्या बाजूचं बटण दाबलेलंच अडकून राहिलं होतं. पलीकडून कुणीतरी म्हणालं, "घाडीकाका, चला. नायट्रोजनला दोन तास होत आले." पावलं गेली. मयूरी रडत होती, पण तिला हायसंही वाटलं, ते खोटं कशाला बोला. मेले म्हणून सोडलं आपल्याला, आता कुणी हाक मारणार नाही. अडीच तास काढायचे, मग दार उघडलं की तो भूत पाहिल्यासारखा बघेल आणि मग आयुष्यभर हा किस्सा सांगत सुटेल.

पण हर्षद गेला नव्हता. पेटीतून त्याच्या बसण्याचा आवाज आला, गुडघे वाजल्याचा, मग लांब श्वास.

"ऐकायला नको असेल तर मी जाळीवर चादरी दाबून धरतो," विश्वनाथ म्हणाला. "पेटीचा कान बंद करता येणार नाही, तो बंद केला की तुटलं. पण आपले कान झाकता येतील."

"माझ्या माणसाचा आवाज मी बोळा घालून बंद करू?" मयूरी म्हणाली. "राहू दे. सोबत होते."

पहिला तासभर सोबतच झाली. हर्षद आपला बोलत होता. लग्नात तिने त्याच्या मामाला कसं सुनावलं होतं ते. काल रात्री आमटी खारट झाली म्हणून तो कुरकुरला होता, त्याबद्दल माफी. तिची गुडघ्याची औषधं आता कुणाला द्यायची ते. मयूरी डोळे मिटून ऐकत होती, मधूनच हसत होती. "आमटी खारटच होती," ती विश्वनाथला म्हणाली. मापकात पंधरा टक्के होते.

मग हर्षदचा आवाज आला तो वेगळाच.

"मयू, एक सांगायचं राहिलं. तू असतीस तर सांगवलं नसतं. निहारची हाक आली होती."

मयूरीने डोळे उघडले.

"चौकशीत मी सांगितलं, पेटी मेली होती, आवाज नव्हता. तुलाही तेच सांगितलं. पेटी मेली नव्हती. मी चाक फिरवत होतो आणि तो विचारत होता, बाबा, आहेस का? त्याच्या आवाजात भीतीसुद्धा नव्हती गं. पाणी अजून त्याच्या घोट्याला असेल. मी आहे म्हटलं असतं ना, तर ते दार मी लावूच शकलो नसतो. म्हणून मी ओ दिली नाही. दोनदा विचारलं त्याने. तिसऱ्यांदा विचारलं, आई आहे का तिकडे? तेवढ्यात चाक बसलं."

विश्वनाथ चादरी उचलून जाळीकडे निघाला. मयूरीने त्याला हाताने अडवलं. "सरक," ती म्हणाली. "बोलू दे त्याला."

हर्षद बोलत राहिला. किती माणसं वाचली ते त्याला पाठ होतं, पाचशे त्र्याऐंशी, आणि रोज सकाळी वस्तीत "आहे, आहे" ऐकू यायला लागलं की त्याला त्यातला एक कमी आवाज मोजता यायचा. मयूरी ऐकत होती की नाही सांगता येणार नाही. ती उठून मागच्या भिंतीपाशी गेली होती, त्या कायमच्या लावलेल्या दाराला पाठ नव्हे तर तळवे लावून उभी राहिली होती. मुलगा झोपेत गेल्यासारखा गेला असेल, कळलंही नसेल त्याला, असं सहा वर्षं तिने स्वतःला समजावलं होतं. रोज आठ तास या दाराला पाठ टेकून. त्याला कळलं होतं. त्याने तिला विचारलं होतं.

मापक तेरावर आला. विश्वनाथची मान कलंडू लागली. तो भिंतीला टेकून मोठमोठे श्वास घेत होता. पेटीवर बारा मिनिटं उरली होती, तेव्हा मयूरी भिंत धरत धरत पेटीपाशी आली आणि बटणासमोर उभी राहिली.

"मावशी," विश्वनाथ कसाबसा म्हणाला.

"दाबत नाहीये." तिची जीभ जड झाली होती. "नुसती उभी आहे. दार उघडलं की मला त्याच्या तोंडाकडे बघावं लागणार. तो माझ्या. तुला कळतंय का, तो हे मेलेल्या बायकोला बोललाय. जिवंत बायकोला तो कधीच बोलला नसता, आणि ते बरंच झालं असतं." तिने भिंतीला हात टेकला. "तू नसतास ना रे इथे, तर मी दाबलं असतं."

आपल्या आकड्यांनी माणसं वाचतात एवढंच विश्वनाथने आजवर मोजलं होतं. तो हात जोडावेत तसे दोन्ही हात छातीशी धरून तिच्याकडे बघत राहिला. मयूरीला त्याची दया आली. चोवीस काय आणि बत्तीस काय. ती बटणापासून दोन पावलं मागे सरली आणि खाली बसली.

पेटीवर शून्य आलं आणि दार उघडलं.

चाळिसाव्यातली ताजी हवा लोंढ्याने आत आली. हर्षद पेटीखाली भिंतीला टेकून बसला होता. दार उघडताना त्याने मान वळवली, आणि आधी त्याला काही उमगेचना. मग तो रांगतच आला. तिचा चेहरा, खांदे, हात चाचपून बघितले, आणि तिला छातीशी धरून लहान मुलासारखा हुंदके देऊ लागला. मयूरीने त्याच्या पाठीवर हात ठेवला. हात ठेवायला तिला जड गेलं नाही, याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

मग हळूहळू त्याचे हुंदके थांबले. मिठी सैल झाली. तो मागे सरला, आणि तिच्या डोळ्यांत बघायचं टाळून तिच्या पदराकडे बघत राहिला. तो काही विचारत नव्हता. विचारायचा त्याला धीर होईना.

म्हणून तिनेच सांगितलं. अठ्ठावन्न वर्षांत इतक्या मऊ आवाजात ती कधी बोलली नव्हती.

"पेटी मेली होती रे. पावणेअकरापासून एक शब्द आला नाही इकडे. तू इथे होतास हेसुद्धा मला माहीत नव्हतं. विचार याला."

विश्वनाथने पटकन मान हलवली. "हो काका. काहीच ऐकू आलं नाही."

"बरं," हर्षद म्हणाला.

त्याने दाराकडे पाहिलं. पोलादी झडप भिंतीत सरकून पूर्ण उघडी झालेली होती. आणि तळवस्तीतल्या पाच वर्षांच्या पोराला विचारलं तरी ते सांगेल, की दोन्ही बाजूंचे कान एक क्षणही न मिटता मुदत पुरी झाल्याशिवाय हे दार उघडत नाही. हर्षद तर सतरा वर्षं दारवान होता. तो उघड्या दाराकडे बघत राहिला, बराच वेळ, आणि मयूरी त्याच्याकडे. धावत आलेल्या लोकांनी दोघांना उठवायला हात पुढे केले, तरी दोघांपैकी कुणीच ते हात धरेना.